टळलेल्या अपघातांची मोजदाद

‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती.’ सर्कलला वळसा घालताना रिक्षा अचानक आडवी येते, दुचाकीस्वार करकचून ब्रेक दाबतो, दोन्ही वाहने हातभर अंतरावर थांबतात. दोन शब्द बोलून होतात आणि दोघे आपापल्या वाटेने जातात. घरी पोचल्यावर हे वाक्य बोलले जाते आणि त्या प्रसंगाची नोंद तेवढीच उरते. पोलिसांच्या दप्तरात ती जात नाही, रुग्णालयाच्या केसपेपरवर येत नाही, विमा कंपनीला कळत नाही. महापालिकेच्या रस्ते विभागाचा तर प्रश्नच नाही. असा प्रसंग त्याच चौकात दिवसातून चाळीस वेळा घडत असला, तरी कागदोपत्री तो चौक निर्धोक असतो.

मग एखादी जागा धोकादायक आहे, हे सरकारदरबारी ठरते कधी? राष्ट्रीय महामार्गांसाठी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची व्याख्या अशी : सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापत झालेले पाच अपघात घडले, किंवा तीन वर्षांत दहा माणसे दगावली, की ती जागा ‘ब्लॅक स्पॉट’. म्हणजे निदान व्हायला आधी माणसे जायला हवीत. वैद्यकशास्त्रात असे चालले असते, तर रक्तदाब मोजण्याची पद्धतच पडली नसती. पक्षाघात झालेल्यांची यादी तेवढी ठेवली असती. २०२२ या एका वर्षात भारतात ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघातांची नोंद झाली आणि त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा जीव गेला. यातल्या प्रत्येक आकड्यामागे न नोंदलेले, थोडक्यात टळलेले प्रसंग किती असतील, याचा हिशेब कोणत्याही अहवालात नाही.

हा हिशेब मांडण्याची एक पद्धत वाहतूक अभियंत्यांकडे आहे. उंच खांबावर किंवा शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर कॅमेरा लावायचा, चौकाचे काही तास चित्रीकरण करायचे आणि त्या चित्रफितीतून प्रत्येक वाहनाचा मार्ग, वेग आणि दुसऱ्या वाहनापासूनचे अंतर काढायचे. ही पद्धत सगळ्याच चौकांना लागू पडते, पण सर्कलवर तिची खरी कसोटी लागते. सिग्नलच्या चौकात कोणी कधी जायचे हे दिवा ठरवतो. सर्कलवर तो निर्णय प्रत्येक चालक स्वतः घेतो, दर काही सेकंदांनी, समोरच्याचा अंदाज बांधून. तिथली सुरक्षितता त्या अंदाजांवर उभी असते आणि अंदाज मोजायचे तर माणसांना न अडवता, न विचारता पाहावे लागते.

सर्कल मुळात सुरक्षित का मानले जाते, ते आधी पाहू. चार रस्ते एकमेकांना छेदतात अशा साध्या चौकात वाहनांचे मार्ग एकमेकांना भिडू शकतील अशा ३२ जागा असतात. तोच चौक एकेरी मार्गिकेचा गोल चौक केला, की त्या उरतात फक्त ८. शिवाय समोरासमोरची किंवा थेट कुशीत बसणारी धडक जवळपास अशक्य होते. वाहने तिरकी, एकाच दिशेने जाताना घासतात आणि वळण घ्यावे लागत असल्याने वेगही कमी असतो. इथे वेगाचे महत्त्व सर्वाधिक. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार ताशी ५० किलोमीटरच्या मोटारीची धडक बसलेल्या प्रौढ पादचाऱ्याच्या मृत्यूची शक्यता २० टक्क्यांहून कमी असते. वेग ८० असेल तर ती ६० टक्क्यांच्या जवळ जाते. अमेरिकेत सिग्नल किंवा थांबा-पाटी असलेल्या २४ चौकांचे आधुनिक सर्कलमध्ये रूपांतर झाल्यावर काय झाले, याचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. एकूण अपघात ३८ टक्क्यांनी घटले होते, दुखापतीचे अपघात ७६ टक्क्यांनी आणि मृत्यू किंवा गंभीर जायबंदी करणारे अपघात सुमारे ९० टक्क्यांनी. इंडियाना राज्यातल्या कार्मेल या शहराने तर दीडशेहून अधिक सर्कल बांधली आहेत.

‘आधुनिक’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. गोल बेटाभोवती गाड्या फिरवण्याची कल्पना विसाव्या शतकाच्या सुरुवातीची, न्यूयॉर्क आणि पॅरिसमधली. पण आत शिरणाऱ्याला आधी वाट द्यायची की आत फिरणाऱ्याला, हे ठिकठिकाणी निराळे होते. शिरणाऱ्याला मान दिला, की गर्दीच्या वेळी सर्कल आतून भरते आणि कोणालाच बाहेर पडता येत नाही. ब्रिटनने १९६६ मध्ये आत फिरणाऱ्याला अग्रक्रम देणारा नियम लागू केला आणि सर्कलचा पुनर्जन्म झाला. आपल्याकडेही खुणा नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यावी, असा नियम आहे. म्हणजे सर्कलवर आत फिरणाऱ्यालाच. तो परवाना मिळवण्यापुरता पाठ केला जातो, ही गोष्ट वेगळी.

सर्कलवर कॅमेऱ्याने प्रथम मोजला तो ‘गॅप’. आत शिरू पाहणारा चालक फिरणाऱ्या दोन वाहनांमधल्या फटीची वाट पाहतो. पुरेशी वाटली तर घुसतो, नाही तर थांबतो. किती सेकंदांची फट त्याला पुरेशी वाटते, यावर त्या सर्कलमधून तासाला किती वाहने जाऊ शकतील हे ठरते. गंमत अशी की हा आकडा थेट दिसत नाही. एका चालकाने दोन सेकंदांची फट सोडली, तीन सेकंदांची सोडली आणि साडेचार सेकंदांची घेतली, तर त्याची मर्यादा तीन आणि साडेचारच्या मध्ये कुठेतरी आहे, एवढेच कळते. शेकडो चालकांच्या नाकारलेल्या आणि स्वीकारलेल्या फटी एकत्र मांडल्या, की संख्याशास्त्र त्यातून एक नेमका आकडा काढून देते. पूर्वी हे काम हाताने होई. विद्यार्थी पडद्यासमोर बसत, चित्रफीत थांबवत-थांबवत पुढे नेत आणि पडद्यावर आखलेली रेषा वाहनाने ओलांडल्याची वेळ वहीत टिपत. तासाभराच्या चित्रफितीला कित्येक दिवस लागत आणि डोळ्यांचे हाल होत ते वेगळेच.

त्या कंटाळवाण्या कामातून निघालेले निष्कर्ष मात्र रोचक आहेत. अमेरिकेच्या महामार्ग क्षमता नियमावलीच्या २०१० च्या आवृत्तीत एकेरी सर्कलच्या एका प्रवेशमार्गाची कमाल क्षमता तासाला ११३० मोटारी धरली होती. म्हणजे आत मोकळे असताना रांगेतली एक गाडी गेल्यावर पुढची सुमारे ३.२ सेकंदांनी शिरते. नव्या चित्रीकरणांवरून २०१६ च्या आवृत्तीत हा आकडा १३८० झाला. दोन गाड्यांमधला वेळ २.६ सेकंदांवर आला. वर्तुळाची भूमिती तीच राहूनही हा फरक पडू शकतो, कारण क्षमता डांबराइतकीच चालकांच्या सवयीवर अवलंबून असते. सर्कल नवे असते तेव्हा लोक बिचकतात, पुढे सरावतात.

भारतात परदेशी सूत्रे जशीच्या तशी चालत नाहीत, हे अभियंत्यांना फार पूर्वीपासून माहीत होते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९७६ च्या शिफारशींत वाहनांचे मोटारीत रूपांतर करण्याचा तक्ता होता : मोटारसायकल म्हणजे पाऊण मोटार, सायकल म्हणजे अर्धी, ट्रक जवळपास तीन मोटारींएवढा आणि बैलगाडी चार ते सहा मोटारींएवढी. सर्कलची क्षमता काढण्याचे सूत्र मात्र १९५० च्या दशकातल्या ब्रिटिश प्रयोगांवर बेतलेले. सर्व बाजूंनी मिळून तासाला ३००० वाहनांपर्यंत सर्कल नीट काम करते, असा त्यातला ठोकताळा. आज कोणत्याही मध्यम शहरातला सकाळचा चौक हा आकडा सहज ओलांडतो.

नवी भारतीय नियमावली, ‘इंडो-एचसीएम’, २०१७ मध्ये आली. नवी दिल्लीच्या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या नेतृत्वाखाली मुंबई आणि रुरकीच्या आयआयटींसह अनेक संस्थांनी तीवर काम केले. सर्कलसाठीचे निकष देशातल्या चौकांवर केलेल्या चित्रीकरणातून आले. यात चंडीगडचा फार उपयोग झाला, कारण ते शहर सर्कलांचेच. ल कॉर्बुझिएच्या आराखड्यातल्या मोठ्या रस्त्यांच्या छेदांवर आखीव, प्रशस्त बेटे आहेत आणि वाहने मात्र अस्सल भारतीय. रुरकीच्या संशोधकांनी तिथल्या चित्रफितींवर बरेच काम केले आहे.

या चित्रफितींत जे दिसते ते कोणाही भारतीय चालकाला ओळखीचे वाटेल. परदेशी सूत्र गृहीत धरते, की एका फटीत एका रांगेतून एकामागून एक वाहने शिरतील. इथे एका फटीत एक मोटार, तिच्या डावीकडून एक स्कूटर आणि उजवीकडून अर्धी रिक्षा शेजारी-शेजारी शिरतात. पांढरे पट्टे कोणी मोजत नाही. रस्त्याची जेवढी रुंदी असेल तेवढी सगळी वापरली जाते. परदेशी चालक ज्या फटीकडे पाहणारही नाही, ती इथे पुरेशी ठरते. परिणामी त्याच आकाराच्या भारतीय सर्कलमधून परदेशी सूत्राने सांगितल्यापेक्षा जास्त वाहने जातात. दुसरे निरीक्षण अधिक गंभीर आहे. अनेकदा फट नसतेच, ती पाडली जाते. आत शिरणारा चाक पुढे दामटतो आणि आत फिरणारा, ज्याचा अग्रक्रम आहे तो, ब्रेक लावतो. आकड्यांत ही वाढलेली क्षमता दिसते, पण तिची किंमत कोणीतरी ब्रेक लावून चुकवलेली असते. क्षमता आणि धोका हे दोन्ही एकाच चित्रफितीतून मोजावे लागतात ते याचमुळे.

धोका मोजण्याची कल्पना सहा दशकांची आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जनरल मोटर्सच्या संशोधकांनी चौकात माणसे बसवून अचानक लावलेले ब्रेक आणि बदललेल्या दिशा मोजायला सुरुवात केली. पुढे स्वीडनमध्ये लुंड विद्यापीठात ही पद्धत काटेकोर झाली. आज तिची दोन मापे जास्त वापरली जातात. पहिले : आहे त्याच वेगाने आणि दिशेने दोन्ही वाहने जात राहिली, तर किती सेकंदांत धडक होईल? दुसरे अधिक सोपे : एका वाहनाने एक जागा सोडल्यावर किती वेळाने दुसरे वाहन त्याच जागी पोचले? समजा, रिक्षाचे मागचे चाक एका बिंदूवरून गेले आणि ०.८ सेकंदाने ताशी ३० किलोमीटरने येणारी दुचाकी त्या बिंदूवर पोचली. त्या वेगाला ०.८ सेकंद म्हणजे सात मीटरही नाहीत. सेकंदाला २५ चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्याला एवढ्या वेळात २० चित्रे मिळतात. जो प्रसंग दुचाकीस्वाराला ‘वाचलो’ एवढाच आठवतो, त्याचे २० तुकडे संगणकापुढे असतात.

संगणकाचे काम तीन टप्प्यांत चालते. प्रत्येक चित्रात वाहने आणि माणसे ओळखायची, एका चित्रातली दुचाकी पुढच्या चित्रातली तीच दुचाकी आहे हे जुळवायचे आणि पडद्यावरच्या बिंदूंचे जमिनीवरच्या मीटरमध्ये रूपांतर करायचे. शेवटच्या टप्प्यासाठी जमिनीवरच्या काही ठळक खुणा लागतात. झेब्रा पट्ट्यांचे कोपरे किंवा बेटाच्या कठड्याची टोके टेपने मोजून घेतली, की गणिताने तिरक्या चित्राचा सपाट नकाशा बनवता येतो. कॅनडात क्वेबेक प्रांतातल्या अनेक सर्कलांवर माँट्रियलच्या संशोधकांनी असे चित्रीकरण करून वाहनांचे मार्ग संगणकाकरवी काढले. जर्मनीत आखेनच्या विद्यापीठाने तीन सर्कलांवर ड्रोन उडवून सहा तासांत १३ हजार ७४६ वाहने आणि माणसांचे मार्ग नोंदले आणि ती माहिती संशोधकांना खुली केली.

आपल्या चौकात हा संगणक आधी गोंधळतो. अशा प्रणालींच्या शिकवणीसाठी जगभर वापरला जाणारा एक मोठा चित्रसंग्रह आहे, त्यात ८० प्रकारच्या वस्तू आहेत. त्यांत मोटार, बस, ट्रक, सायकल आहे. इतकेच काय, जिराफ आणि झेब्राही आहेत. रिक्षा नाही. त्यामुळे नुसत्या त्या संग्रहावर शिकलेली प्रणाली रिक्षाला कधी मोटार समजते, कधी ट्रक. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने भारतीय रस्त्यांवरची सुमारे दहा हजार चित्रे हाताने रेखून जो संग्रह तयार केला, त्यात रिक्षाला स्वतःची जागा मिळाली. दुसरी अडचण आडोशाची. कॅमेरा कमी उंचीवर असेल, तर बसच्या आड चार दुचाक्या गडप होतात आणि पलीकडून निघतात तेव्हा संगणकाला त्या नव्याच वाटतात. सर्कलच्या मधोमध कारंजे, पुतळा किंवा झाडे असली तर निम्मा चौक झाकला जातो. म्हणून उंची हवी. गच्ची मिळाली तर उत्तम, नाही तर ड्रोन. ड्रोनची बॅटरी मात्र थोड्याच वेळात संपते आणि पावसाळ्यात तो घरीच बसतो.

मग चित्रफिती दाखवतात काय? सर्कल सगळ्यांसाठी सारखे सुरक्षित नसते, ही त्यातली मोठी गोष्ट. मोटारीतल्या माणसाला मिळणारे संरक्षण दुचाकीवाल्याला आणि पायी चालणाऱ्याला मिळेलच असे नाही. बेल्जियममधल्या फ्लँडर्समध्ये ९१ सर्कलांच्या अपघात नोंदींचा अभ्यास झाला, तेव्हा सर्कल बांधल्यानंतर सायकलस्वारांचे दुखापतीचे अपघात २७ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. हा आकडा नोंदींतून आला, पण असे का होते हे शोधायला मार्गांचे नकाशेच लागतात. शिरणारा चालक मोठ्या वाहनाचा वेध घेत असतो, कडेने येणारे सडपातळ वाहन त्याच्या नजरेत भरत नाही. बाहेर पडणारा चालक तर बेटापासून सुटल्याच्या आनंदात वेग वाढवतो आणि नेमक्या तिथेच पादचारी रस्ता ओलांडत असतात. झेब्रा क्रॉसिंग वर्तुळाच्या अगदी तोंडाशी न आखता एका मोटारीच्या लांबीइतके, म्हणजे सुमारे सहा मीटर मागे आखावे, असे अमेरिकी मार्गदर्शिका सांगते ते यासाठीच. एका वेळी चालकाने एकच निर्णय घ्यावा, आधी माणसांचा, मग वाहनांचा. आपल्याकडे हे पट्टे कुठे असतात, ते जवळच्या सर्कलवर जाऊन पाहावे. बहुतेक ठिकाणी त्यांच्यावर पाणीपुरीची गाडी किंवा प्रवाशांची वाट पाहणाऱ्या रिक्षा असतात.

या पद्धतीवर आक्षेपही आहेत आणि ते खोडसाळ नाहीत. टळलेले प्रसंग जास्त म्हणजे प्रत्यक्ष अपघात जास्त, हे नाते सरळ रेषेतले नसते. दाट, संथ गर्दीत वाहने सतत एकमेकांच्या अंगाला खेटून जातात, पण वेग इतका कमी असतो की फार तर आरसा तुटतो. त्याच चौकात रात्री साडेअकराला दोनच वाहने असतात आणि दोन्ही ताशी ७० ने. म्हणून नुसते सेकंद मोजून भागत नाही, त्या क्षणीचा वेगही धरावा लागतो. नेमक्या त्या वेळी कॅमेऱ्याची नजर मंद झालेली असते. हेडलाइटच्या झोतात वाहनाची कड दिसत नाही आणि भिजलेल्या रस्त्यावर एकाचे दोन दिवे दिसतात.

शहरांत चौकाचौकांत कॅमेरे आहेतच, मग नवे कशाला, असाही प्रश्न येतो. दंडाच्या पावतीसाठी लावलेल्या कॅमेऱ्याला नंबरपाटी हवी असते, म्हणून तो खाली आणि जवळ रोखलेला असतो. विश्लेषणाला उंचावरून अख्खा चौक दिसावा लागतो. पोलिसांचे फिरते कॅमेरे नियंत्रण कक्षातून वळवले, की जमिनीच्या मोजमापाचे सगळे गणित पुन्हा मांडावे लागते. खासगीपणाच्या दृष्टीने मात्र हा फरक सोयीचा आहे. मार्ग काढायला चेहरा लागत नाही, नंबर लागत नाही, ठिपके पुरतात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आहे. मार्ग काढून झाल्यावर मूळ चित्रफीत पुसून टाकण्याची अट कंत्राटातच घालता येते.

या सगळ्याचा सर्वांत स्वस्त उपयोग दुरुस्तीनंतरचा आहे. सर्कलचे बेट लहान-मोठे करणे, प्रवेशमार्ग जास्त वळवणे, पादचाऱ्यांना मध्ये थांबायला जागा करणे, हे आधी रंग, शंकू आणि बॅरिकेड लावून करून पाहता येते. आधी तीन दिवस चित्रीकरण, नंतर त्याच वारी आणि त्याच वेळी पुन्हा तीन दिवस. दीड सेकंदाहून कमी वेळाचे प्रसंग घटले की वाढले, हे दोन आठवड्यांत कळते. नोंदलेल्या अपघातांच्या आधारे तेच ठरवायला तीन वर्षे थांबावे लागते. बदल नवा असताना चालक जरा दबकून असतात, म्हणून दोन-तीन महिन्यांनी कॅमेरा आणखी एकदा चढवावा लागतो. आणि पहिले चित्रीकरण शाळा-महाविद्यालये सुरू असतानाच्या आठवड्यातच हवे. मे महिन्यातल्या रिकाम्या चौकाने दिलेला निकाल जूनमध्ये शाळेची घंटा वाजेपर्यंतच टिकतो.